तुसाची गादी

आज मी जो काही आहे तो कुणामुळे, असं कुणी विचारलं तर मी आधी मावशीचं नाव घेतो. आई-अण्णांना त्याचं वाईट वाटत नाही; तेही तसंच सांगतात. मावशी आमच्या नात्यातली नव्हती. एका सरकारी दवाखान्यात तिनं तीसएक वर्षं पेशंटची अंथरुणं बदलली, आणि तिथं अशा बाईला सगळे मावशीच म्हणतात. रिटायर होऊन मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी बसली तरी नाव तेच राहिलं. गल्लीतली पोरं तिला मावशी म्हणायची आणि त्यांचे आजोबाही मावशीच म्हणायचे. तिचं कागदावरचं नाव मी एकदाच वाचलं, पेन्शनच्या पुस्तकावर. ते मला दुसऱ्याच कुणा बाईचं वाटलं.

घरामागं तिचं परडं होतं आणि परड्यात खुराडं. खुराडं म्हणजे टोपली पालथी घालायची तसलं नव्हे. माणूस वाकून आत जाईल एवढं उंच, वर पत्रा, तीन बाजूंनी जाळी. आत वीस-बावीस कोंबड्या. गल्लीत कोंबड्या इतरांकडेही होत्या, पण त्यांच्या पायाखाली काय आहे याची काळजी एकट्या मावशीला. अंडी किती मिळाली हे तिच्या लक्षात राहत नसे. कोंबडा किती भरेल असं कुणी विचारलं तर ती त्या माणसाकडे बघतच नसे. तिचा सगळा जीव खालच्या गादीत. गादी म्हणजे कोंबड्यांच्या पायाखाली पसरलेला वीतभर जाडीचा थर. कशाचा करायचा, कधी हलवायचा, कधी बदलायचा, यावर ती सकाळभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे.

कोंबड्यांना नावं नव्हती, नंबर होते. वॉर्डातल्या खाटांना असतात तसे. "सात नंबरला सर्दी झालीया," ती म्हणायची, किंवा "बारा नंबर जेवली न्हाय." आजारी कोंबडीला घरातल्या एका पाटीत वेगळं ठेवायची आणि त्या पाटीला स्पेशल रूम म्हणायची. कोंबडी मेली की तिचा नंबर सहा महिने कुणाला देत नसे. का, ते मी विचारलं नाही.

मी गगनबावड्याकडच्या गावातून बारावीनंतर कोल्हापुरात आलो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या बौद्धवाड्यातून कॉलेजला जाणारा मी पहिला. तीन दिवस खोली शोधत होतो. घरमालक आधी नाव विचारायचे, मग आडनाव, मग खोली कालच दुसऱ्याला दिल्याचं त्यांना आठवायचं. मावशीच्या दारात उभा राहिलो तेव्हा तिनं विचारायच्या आधीच मी आडनाव सांगून टाकलं. दोघांचाही वेळ वाचेल असं वाटलं. तिनं ते ऐकलंच नाही.

"गाव कुठलं?"

मी सांगितलं.

"तिकडं भात हुतोय की. मग तुसाचं काय करतासा?"

भात भरडला की गिरणीच्या मागं टरफलांचे ढीग पडतात, ते तूस. आमच्याकडे त्याला कुणी विचारत नव्हतं. थोडं वीटभट्टीवाले न्यायचे, उरलेलं गावातले लोक पेटवून द्यायचे. मी तसं सांगितलं.

"जाळतासा," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. एखाद्याच्या घरचं वाईट ऐकावं तसा तिचा चेहरा झाला होता. मग म्हणाली, "म्हयन्याला एक पोतं आणायचं. कोरडं. खोली तुझी."

दुसऱ्या महिन्यापासून मी एसटीच्या टपावर तुसाचं पोतं टाकून कोल्हापूरला यायला लागलो. कंडक्टरला वाटायचं तांदूळ असेल. एकदा त्यानं खोदून विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणं तूस घिऊन शहरात निघाल्यात. तांदूळ घरात इसरला व्हय?" गाडी हसली. मीही हसलो, पण पोतं उतरवताना मान वर केली नाही.

मी राहायला आल्यावर आठवड्याभरानं शेजारच्या एका काकूंनी मावशीला परड्याच्या भिंतीवरून विचारलं की पोरगं कुणातलं आहे ते ठाऊक आहे ना. माझी खिडकी परड्यात उघडायची, त्यामुळे मला ऐकू आलं. मावशी दाताळ्यानं गादी हलवत होती. दाताळं थांबलं नाही.

"तीस वर्सं लोकांची अंथरुणं बदलली मी," ती म्हणाली. "वली झाल्यावर सगळी सारखीच असत्यात."

मी तिला अहोजाहो करायचो. तिनं दोन दिवस सहन केलं, मग म्हणाली की वॉर्डात मोठे डॉक्टरसुद्धा ए मावशी म्हणायचे, तू काय त्यांच्यापेक्षा मोठा लागून गेलास. तेव्हापासून मी तिला एकेरी हाक मारतो. लिहितानाही तीच सवय राहिली आहे.

गादीच्या बाबतीत तिनं सगळं करून बघितलं होतं. वखारीतला लाकडाचा भुसा फुकट मिळायचा, पण तो पिठासारखा; पिल्लं तो दाणा समजून खातात आणि धुरळ्यानं शिंकत राहतात. सुताराच्या रंध्याखालची सालपटं तिला पसंत होती, पण सागाची असतील तरच, आणि सुतार काय लाकूड वापरतो हे ती त्याच्या दुकानात जाऊन हुंगून ठरवायची. गुऱ्हाळावरची उसाची चिपाडं सगळ्यांनी सुचवली. कोल्हापुरात चिपाडांना काय तोटा. तिनं एका उन्हाळ्यात ती घातली. त्यांच्यात गोडी राहते. आधी मुंग्या आल्या आणि पाऊस लागताच बुरशी. भुईमुगाची टरफलं बरी, पण दबून बसतात. तूस सगळ्यांत चांगलं. "पाणी पीत न्हाय, धरून ठेवत न्हाय," ती सांगायची. "वारा खेळतोय त्येच्यातनं."

वर्तमानपत्र मात्र तिनं कधीच घातलं नाही. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात, हे एक कारण. दुसरं कारण तिनं मला उशिरा सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं. "कुणीतरी बसून लिवलंय ते," ती म्हणाली. "त्येच्यावर कोंबड्या कशा सोडायच्या?" शेजारपाजारचे लोक तिला रद्दी आणून द्यायचे, कोंबड्यांना होईल म्हणून. ती सगळी माझ्या खोलीत यायची. संध्याकाळी मी तिला त्यातलं वाचून दाखवायचो. चार-चार महिन्यांपूर्वीच्या बातम्या. ती त्या आजच्या असल्यासारख्या ऐकायची आणि पुढं काय झालं ते विचारायची. चारचौघांत मोठ्यानं बोलायची, वर्गात उभं राहायची माझी भीती त्या वाचनात गेली. पण हे मला पुष्कळ नंतर कळलं.

गादी बरी आहे की नाही हे बघायची तिची रीत अशी: मुठीत तूस घ्यायचं, दाबायचं आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओली. भुर्रकन उडाली तर फार कोरडी. हळूहळू, जरा विचार करून सुटली पाहिजे. ते झालं की ती मूठ माझ्या नाकासमोर धरायची आणि विचारायची, "वास येतोय का?" तिचं नाक फिनेलनं गेलं होतं. तीस वर्षांचं फिनेल. म्हणून वास घ्यायला दुसरं माणूस लागायचं. मी येण्याआधी ती जाणाऱ्या-येणाऱ्याला, दूधवाल्याला, पोस्टमनला परड्यात बोलावून ती मूठ हुंगायला लावायची. पोस्टमन म्हणे त्या गल्लीत सायकलवरून उतरत नसे.

खुराड्यात चप्पल चालत नसे. कोंबड्या अनवाणी आहेत, तर तूही अनवाणी ये, म्हणजे तुला कळेल. वर्षातून एकदा जुनी गादी काढून, जमिनीला चुन्याची फक्की मारून नवीन तूस पसरलं की कोंबड्या सोडायच्या आधी ती स्वतः त्यावर जाऊन आडवी व्हायची. नऊवारी पातळ, पांढरे केस, डोळे मिटलेले. चांगला अर्धा तास. गल्लीतले लोक परड्याच्या भिंतीवरून बघायचे. "मावशे, कोंबड्यास्नी उशी पण शिव की," कुणीतरी म्हणायचं. ती डोळे न उघडता म्हणायची, "तुला शिवतो आधी. तुजं डोकं जड झालंय."

ती उठली की पाठीला तूस चिकटलेलं असायचं. ते झटकायचं काम माझं.

एकदा मला तिनं दवाखान्यातली गोष्ट सांगितली. एक म्हातारा पेशंट महिनोन् महिने पडून होता, पाठीला जखमा झाल्या होत्या. गादी कितीही बदलली तरी ओल खाली साचायची. तिनं घरून जुनं धोतर नेलं, दुहेरी शिवलं, त्यात तूस भरून पातळ गादी केली आणि पाठीखाली सरकवली. डॉक्टर हसले. आठ दिवसांनी त्यांनी आणखी दोन शिवायला सांगितल्या. ही गोष्ट सांगताना तिच्या आवाजात जरासुद्धा बढाई नव्हती. तो म्हातारा पुढं मेलाच. "पण कोरडा मेला," ती म्हणाली.

आता मला माझी चूक सांगायची आहे.

दुसऱ्या वर्षी श्रावणात मी पोतं घेऊन येत होतो. वाटेत पावसाचा सपाटा आला आणि टपावरचं पोतं भिजलं. मला परत जाता येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. वरवरचं तूस मी खोलीत पसरून वाळवलं आणि आतलं तसंच पिल्लांच्या कप्प्यात टाकून वर कोरडं पसरलं. मावशीनं मूठ माझ्या नाकासमोर धरली. वास येत होता. ओलसर, आंबूस, तळघरासारखा. मी न्हाय म्हणालो. तिला नवीन पोतं मिळालं याचा इतका आनंद झाला होता की मला तो मोडवेना, आणि खरं सांगायचं तर मला माझी लाज वाटत होती.

दहाव्या दिवशी पिल्लं चोची उघड्या टाकून श्वास घ्यायला लागली. नऊ पिल्लं होती, सहा गेली. मावशीनं गादी उचकटली तेव्हा खाली करडी बुरशी धरली होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं ती खोली सोड म्हणेल. तिनं सगळं तूस उपसलं, चुना मारला, हात धुतले. मग माझ्याजवळ आली.

"वलं हाय म्हणून सांगायला लाज वाटली न्हवं तुला?" ती म्हणाली. "आजारी माणसाला पण तसंच वाटतंय. त्यो सांगत न्हाय. म्हणून तर इच्यारायचं असतंय. आन् इच्यारलं की व्हय म्हणायचं."

यापेक्षा जास्त ती त्या विषयावर कधीच बोलली नाही. पुढच्या पोत्याच्या वेळी पुन्हा मूठ माझ्याच नाकासमोर धरली. दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही.

शेवटच्या वर्षी मला टायफॉईड झाला. अण्णा गावाकडं लावणीत अडकले होते, आईला कोल्हापुरात एकटीला येता येत नव्हतं. बारा दिवस मावशीनं माझं सगळं बघितलं. तापाच्या गुंगीत दोनदा अंथरूण ओलं झालं. मी वीस वर्षांचा होतो. तिनं विचारलं, "वलं हाय का?" आणि मी, सगळं शिकूनही, न्हाय म्हणालो. तिनं हाताची पालथी बाजू माझ्या पाठीखाली घातली, मला एका कुशीवर वळवलं, मग दुसऱ्या, आणि मी पूर्ण जागा व्हायच्या आत खाली कोरडी चादर होती. खिडकी लावावी तसं तिनं ते केलं. नंतर सात नंबरनं आज कसं अंडं दिलं ते सांगत बसली.

मी पदवीधर झालो. आमच्या वाड्यात पेढे वाटले. मग बी.एड., मग कर्नाटकाच्या हद्दीकडं एका हायस्कुलात नोकरी. लग्न झालं. आधी दर महिन्याला मंगळवार पेठेत जायचो, मग सणाला, मग कधीतरी. मावशीला अर्धांगाचा झटका आला हे मला दोन महिन्यांनी कळलं. तिला मूलबाळ नव्हतं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावचा तिचा पुतण्या येऊन तिला घेऊन गेला होता. कोंबड्या गल्लीत वाटून टाकल्या होत्या. खुराडं रिकामं.

मी पत्ता काढून त्या गावी गेलो. सुट्टीचा दिवस. इस्त्रीची पँट, हातात पेढ्यांचा पुडा. पुतण्या शेतात होता. त्याची बायको घरात होती. तिला मी वहिनी म्हणालो. ती वाईट बाई नव्हती, हे मला इथं लिहिलं पाहिजे. दोन म्हशी, तीन मुलं, शेतातली माणसं आणि वर ही पडून असलेली चुलतसासू, सगळं एकटीवर. ती मला म्हणाली, "लई आठवण काढत्यात तुमची. पोतंवाला पोरगा कवा यील म्हणत्यात." मला खुर्ची दिली, चहा टाकायला आत गेली.

मावशी बाहेरच्या सोप्यातल्या खाटेवर होती. एक बाजू गेली होती, पण बोलता येत होतं, जरा अडखळत. मला बघून चांगल्या हाताची बोटं हलवली. मी खुर्ची जवळ घेतली. आणि मला वास आला.

कधीचं ओलं असेल, सांगता येत नाही. सकाळचं तरी असावं. गोधडीची कड गडद झाली होती. मी खुर्चीत बसलो होतो आणि माझ्या हातात पेढ्यांचा पुडा होता. तिनं माझ्याकडं बघितलं. तिचं नाक गेलेलं. एका बाजूला स्पर्श नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि विचारायला तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं.

"वास येतोय का रं?" मावशीनं विचारलं.

आतून वहिनी कप मांडत होती. मला वाटलं, मी हो म्हणालो तर त्या बाईला काय वाटेल. मला वाटलं, मी पुरुषमाणूस, परक्या घरात, मावशीला वळवणार कसा. ते लोक मला खाटेला हात लावू देतील का, हेही मनात आलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझी पँट नवी होती. हे सगळं एका क्षणात.

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. बरं वाटलं तिला. मी चहा घेतला, पेढे दिले, शाळेबद्दल काहीतरी सांगितलं आणि एसटी गाठली.

परत आल्यावर आठ दिवस मला वर्गात नीट बोलता आलं नाही. मग आईला निरोप पाठवला. आईनं धोतर दुहेरी शिवलं, गिरणीवरून तूस आणलं, दोन दिवस उन्हात घातलं आणि गादी भरली. ती मावशीला एकदाच भेटली होती, पण किती पातळ शिवायची हे तिनं मला विचारलं नाही. ती न्यायला मी गावी गेलो आणि त्याच दिवशी मावशीला आंतरदेशीय पत्र लिहून टाकलं. वहिनीला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल हे मला ठाऊक होतं. तरीही लिहिलं.

रविवारी मी गादी काखेत घेऊन त्या गावी पोचलो. चपला मी रस्त्यावरच काढल्या होत्या. अंगणात खाट धुऊन भिंतीला उभी करून ठेवली होती. मावशी गुरुवारी गेली होती. पत्र शुक्रवारी आलं. वहिनीनं ते फळीवरून काढून माझ्या हातात दिलं. "त्यांच्या नावाचं हाय," ती म्हणाली. "म्हणून फोडलं न्हाय." मग माझ्या काखेतल्या गादीकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी पत्र खिशात घातलं आणि गादी तशीच काखेत घेऊन परत निघालो.

ती गादी माझ्या घरी आहे. दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवतो, तूस बदलतो. पत्र मीही इतकी वर्षं फोडलं नव्हतं. आज फोडलं. ते असं आहे.

*

मावशी,

वहिनी तुला हे वाचून दाखवतील. वहिनी, तुमचा यात काही दोष नाही, तेव्हा मधलं काही गाळू नका.

त्या दिवशी तू विचारलंस, वास येतोय का. येत होता. मी न्हाय म्हणालो. पिल्लांच्या वेळीही येत होता. मी तुझ्याजवळ तीन वर्षं राहून बी.ए. झालो, पण तू शिकवलेलं एवढंच करायचं होतं, ते माझ्याकडून झालं नाही.

आईनं तुसाची गादी शिवली आहे. गिरणीतलं नवीन तूस आहे. मी मूठ करून बघितली, हळूहळू सुटते. आधी मी स्वतः त्यावर अर्धा तास झोपून बघितलं. बोचत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी भिंतीवरून बघितलं आणि ते हसले.

मी रविवारी पहिल्या गाडीनं येतो. अनवाणी येईन. एका कुशीवर, मग दुसऱ्या, कसं करायचं ते मला आठवतं. पुतण्याला विचारून घेईन, आणि तो नको म्हणाला तर पुन्हा विचारीन.

मी आल्यावर तुला विचारणार आहे, वलं हाय का. तू लाजू नकोस. व्हय म्हण.

तुझा,
पोतंवाला